सतत टीम बदलणारा आइस हॉकी खेळाडू म्हणजे खेळात कमीच ना?

तुम्ही विचारलंय की आइस हॉकीत जर्नीमॅन म्हणतात त्याचं, म्हणजे दर वर्ष-दोन वर्षाला नवी टीम, करिअर चालतं कसं आणि तो खेळात कमीच असणार ना. मी बेळगावचा, बर्फ बघितलाय तो मासळी बाजारात. पण उद्यमबागला फाउंड्रीत नाईट शिफ्टला असतो आणि हिवाळ्यात टोरांटोकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडं पहाटे साडेपाचला लागते, त्यामुळं शिफ्ट सुटायच्या टायमाला चहाच्या गाड्यावर बरीच वर्षं हेच बघायलोय. आणि आपली साधी हॉकी स्वतः खेळलोय, गोलकीपर, कोण बोलावेल तिथं.

कमी? नाही ओ. माइक सिलिंजर म्हणून होता, एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, 12 टीमकडनं खेळला, रेकॉर्ड आहे ते, मॅचेस हजाराच्या वर. लोक म्हणतात बाराजणांनी सोडला. अहो, बाराजणांनी घेतला पण की!

आता पैशाचं बगा. वर एनएचएल, 32 टीम, एकेकीत जास्तीत जास्त 23 जण. त्याच्या खाली एएचएल, त्याच्याही खाली ईसीएचएल, आणि हे गडी त्या जिन्यावर वर-खाली करत असतात. करार बहुतेक टू-वे असतो, वर असला की वरचा पगार, खाली पाठवला की खालचा, हिशोब दिवसावर. 2025-26 ला एनएचएलचा किमान पगार 7,75,000 डॉलर होता, सीझनच्या दिवसांनी भागला तर दिवसाला 4,000 च्या आसपास, आणि खाली गेला की त्यातला बारका तुकडा. म्हणजे वरच्या कुणाचा गुडघा गेला की ह्याला फोन, तो बरा झाला की हा परत खाली. आमच्यात बदली कामगार असतो, डिट्टो तसंच. शिवाय जरा जुन्या खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी वेव्हर्सवर टाकतात, 24 तासात दुसरी कुठलीही टीम उचलू शकते, मग हा बॅग घेऊन पुढं आणि बायका-पोरं, शाळेचे दाखले, सगळं मागनं.

जॉन स्कॉटचं तर ऐकाच. धिप्पाड, मारामारीसाठीच ठेवलेला, अख्ख्या करिअरात 5 गोल. 2016 ला लोकांनी चेष्टा म्हणून ऑल-स्टारला, म्हणजे निवडक स्टार खेळाडूंच्या मॅचला, मतं देऊन निवडून आणला, तर मॅचच्या आधीच टीमनं ट्रेड केला, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन टाकला, आणि नव्या टीमनं सरळ एएचएलला पाठवला, घरात बायको जुळ्यांची गरोदर. तरी गडी गेला, दोन गोल मारले आणि एमव्हीपी, म्हणजे मॅचचा सगळ्यात भारी खेळाडू, होऊन आला. मी त्या दिवशी चहाचे पैसे द्यायचेच विसरलो.

तिशी ओलांडली की बरेच जण जर्मनी नाहीतर इंग्लंडच्या लीग धरतात, तिथं पगाराबरोबर फ्लॅट आणि गाडी पण मिळते, पण परदेशी खेळाडूंचा कोटा असतो त्यामुळं तिथंही रांग आहेच.

माझं म्हणाल तर हे गाव बंडू पाटलांचं, 1964 च्या टोकियो ऑलिंपिकच्या हॉकी गोल्डवाल्या टीममधले, आणि मी हुबळी, धारवाड, मिरज जिथं गोलीला ताप आला तिथं गेस्ट प्लेयर. प्रवासखर्च, जेवण आणि हातात तीनशे रुपये. गोलीची बॅग म्हणजे पॅड, हेल्मेट, किकर, अर्धं पोतं भात असावं तशी, एसटीत कंडक्टर बगूनच लगेजचं तिकीट फाडायचा. एकदा धारवाडला फायनल जिंकून येताना मी चषक त्याच बॅगेत कोंबला होता, तर म्हणतो कसा, "भांडी पण आहेत काय, मग दोन लगेज."

ती बॅग अजून माळ्यावर आहे. आई दर दिवाळीला भंगारात घाल म्हणते. मी नको म्हणून सांगितलंय, मागच्या महिन्यात मिरजेहून फोन आला होता.