दुसरी फेरी सत्तरची

प्रिय मुली,

तू पाठवलेला वहीचा फोटो मोठा करून नीट पाहिला. वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने ‘८०० मी., २:०८, नॅशनल, यंदाच’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेस. त्याखाली मंगळवारचा सराव. ४०० मीटरच्या, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीच्या, सहा रिपिटेशन (मध्ये थोडं थांबून तेच अंतर पुन्हा पुन्हा पळणं), प्रत्येकी ६४ सेकंदांत. पहिली ६४, दुसरी ६७, तिसरी ७३, चौथी अर्ध्यात सोडलीस. आणि तळाशी एकच ओळ, ‘माझ्यात दमच नाही.’ त्या ओळीपायी हे पत्र लिहायला बसले.

दम आहे. चुकलाय तो हिशेब. तुझं आजचं टायमिंग २:२१ आहे. २:२१ ने पळणारीला ६४ च्या सहा होत नाहीत. तुलाच नाही, कुणालाच होत नाहीत. ६४ हा २:०८ चा वेग आहे, दोन फेऱ्या ६४ च्या, आणि २:०८ आज तुझ्याकडे नाही. सराव आजच्या टायमिंगवर ठरतो, हव्या असलेल्या टायमिंगवर नाही. कंटाळलीस तरी हे मी पुन्हा सांगणार आहे.

जिल्ह्याच्या शर्यतीचे आकडे तूच लिहिले आहेस. पहिली फेरी ६५, दुसरी ७६. अगं, बघ ना ते! वहीतला ६४ शर्यतीच्या दिवशी तुझ्या पायांत शिरला. पहिल्या दोनशेला तू सगळ्यांच्या पुढे होतीस, सहाशेला पाय उचलेनात, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात चौघीजणी तुला मागे टाकून गेल्या. ८०० मध्ये पहिली फेरी एक-दोन सेकंद जलद जातेच, भल्याभल्यांची जाते. अकरा सेकंदांचा फरक पडला म्हणजे पहिल्या फेरीत तू स्वतःची नसलेली शर्यत पळत होतीस. पहिली ६८ ला काढ, दुसरी ७० ला संपव. २:१८ झाले. तीन सेकंद कमी, तेही पहिली फेरी तीन सेकंद सावकाश पळून. यंदाचं उद्दिष्ट एवढंच लिही: दुसरी फेरी सत्तर. २:०८ खोडू नकोस, वहीच्या शेवटच्या पानावर ने. मंगळवारच्या पानावर त्याचं काम नाही.

सुरुवातीपासून पुढे पळावं म्हणून तू ८०० मीटरचे धावपटू श्रीराम सिंग यांचं उदाहरण दिलंस. १९७६ ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत ते पहिली फेरी सगळ्यांच्या पुढे पळाले, हे खरं. क्यूबाच्या जुआंटोरेनाने तिथे विश्वविक्रम केला आणि आपले श्रीराम सिंग सातवे आले. पण त्यांनी १:४५.७७ दिले, आणि तो राष्ट्रीय विक्रम २०१८ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. ते पुढे पळाले ते अंगात असलेल्या तयारीवर. त्या वेगाची तयारी त्यांच्याकडे त्या दिवशी होती. मी वेगळं काय सांगतेय?

आता जे तू अडखळत लिहिलंस त्याबद्दल. चौदाव्या वर्षी २:१९ होतं आणि सतराव्या वर्षी २:२१, म्हणजे आपण मागे चाललो. असं होतं. या वयात मुलीचं शरीर बदलतं, वजन वाढतं, कंबर रुंदावते, आणि एक-दोन वर्षं टायमिंग जागचं हलत नाही. या वर्षांत कितीतरी चांगल्या मुली खेळ सोडतात, कारण त्यांना हे कुणी सांगत नाही. सांगतात ते ‘चार किलो उतरव’. खबरदार, जेवण तोडलंस तर. भाकरी, डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध, सगळं पोटभर खा. पाळी तीन महिने आली नाही तर ते ‘सरावामुळे होतं’ म्हणून सोडून द्यायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. पाळी थांबली की हाडं कमजोर व्हायला लागतात. आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही तपासून घे. लोह कमी असलं की मुली स्वतःला आळशी समजत बसतात.

हाडांचं मी पोटतिडकीने बोलते, त्याला कारण आहे. तुझ्याच वयाची असताना आमच्या सरांनी फळ्यावर प्रत्येकीच्या नावापुढे टायमिंग लिहिलं होतं. ते आमचं नव्हतं, त्यांना हवं असलेलं होतं. रोज त्याच वेगाने पळायचो. नडगी दुखायला लागली, तर दुखणं मनाचं आहे म्हणाले. एक्स-रेतही काही दिसलं नाही. हाडाला पडलेली बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. मी पळत राहिले आणि हाड गेलं. श्वास आणि हृदय काही आठवड्यांत सुधारतं, हाडाला कितीतरी जास्त वेळ लागतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मला ८०० किती सेकंदांत पळता आलं असतं, हे आता कधीच कळणार नाही. त्याची हळहळ अजून जात नाही.

म्हणून मी हट्टी झाले, आणि लोक मला त्यावरून बोलतात. माझ्याकडे सराव करणाऱ्या मुली चौदा वर्षांखालच्या गटात मेडल आणत नाहीत. नाही आणत. पण विशीतही त्या पळत असतात, आणि मला तेच हवं आहे. ललिता बाबर माण तालुक्यातली, दुष्काळी भागातली. लांब पल्ल्याचं पळून, मुंबई मॅरेथॉन गाजवून मग ती स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत पळायच्या शर्यतीकडे आली, आणि रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली तेव्हा २७ वर्षांची होती. स्टीपलचेसचाच अविनाश साबळे तर सैन्यात गेल्यावर धावपटू झाला. तुला सतराव्या वर्षी उशीर कसला झालाय?

तुमच्या ग्राउंडवर भरतीची मुलं रोज ट्रायल देतात, म्हणजे वेळ लावून पूर्ण जोराने पळतात, आणि तूही त्यांच्याबरोबर देतेस. बंद कर. त्यांना ठरलेल्या दिवशी गुण मिळवायचे आहेत, तुला अजून कित्येक वर्षं पळायचंय. ट्रायल सहा आठवड्यांतून एकदा. मंगळवारी २०० च्या आठ, प्रत्येकी ३५, मध्ये दोन मिनिटं चालत-जॉगिंग. शुक्रवारी ४०० च्या पाच, ७७-७८ ला. हो, ७७! हळू वाटेल, वाटू दे. बाकीचे दिवस बोलता बोलता जमेल असं सावकाश पळायचं, कारण ८०० मध्येही निम्म्याहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनवर तयार होते आणि तो पाया या सावकाश पळण्यातच बनतो. रविवारी पूर्ण विश्रांती. ट्रायलला २:१८ आले की दोनशेमागे पाऊण सेकंद कमी करायचा, त्याआधी नाही. आजच्या टायमिंगवर सराव. उद्याचं टायमिंग आलं की मग त्याच्यावर.

मोबाइलवरून उतरवलेलं ते परदेशी धावपटूचं वेळापत्रक फाडून टाक. नडगीवर बोट दाबून एकाच जागी दुखतंय का ते आजच बघ आणि कळव. दुखत असेल तर मंगळवारही रद्द. रक्ताचा रिपोर्ट आला की आधी मला पाठव. आणि आठही दोनशेंचे आकडे जसे आले तसे लिहून धाड. त्यात ३२ चा एक जरी दिसला, तरी मी फोन करणार आहे.

तुझी,
ताई