सास नी मच्छीचा रस फाटतो. बासाचे फिलेट चालतील का?

तुम्ही विचारलंय, पारशी सास नी मच्छी, म्हणजे अंडी-व्हिनेगरच्या आंबटगोड पांढऱ्या रसातला मासा, बासाच्या फिलेटची (बिनकाट्याच्या तुकड्यांची) करता येईल का, आणि अंडी घातली की रस का फाटतो.

बासा नको. पाणी सोडतो आणि हलवताना मोडतो. रावस किंवा घोळ घ्या, अडीच सेंटिमीटर जाडीचे तुकडे. सुरमई चालते, पण मिनिटभर जास्त राहिली की कोरडी पडते. तिचा मधला काळपट लाल भाग काढा, नाहीतर रसाला उग्र वास लागतो.

आता फाटण्याचं. अर्धा किलो तुकड्यांना लहान चमचाभर मीठ लावून पंधरा मिनिटांनी सुटलेलं पाणी टिपून घ्या. दोन मोठे चमचे तेलात एक मोठा कांदा बारीक चिरून मऊ करा, रंग येऊ देऊ नका. सहा पाकळ्या लसूण, पाच हिरव्या मिरच्या, चमचाभर जिरं यांचं वाटण परता, मग दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ. त्यात 500 मिली कढत पाणी थोडं थोडं घालत ढवळा आणि दहा मिनिटं उकळू द्या. इथे घाई केलीत तर पुढे रडाल, कारण अंड्याच्या गुठळ्या हे शिजलेलं पीठच होऊ देत नाही. मग मासे एका थरात, झाकण, मंद आच, पाच मिनिटं. गॅस बंद.

तीन मोठे चमचे व्हिनेगरमध्ये दोन मोठे चमचे साखर विरघळवून आधी चाखा. प्रत्येक बाटलीची धार वेगळी. मग त्यात दोन अंडी फेटा. आंबटामुळे अंडं लवकर थिजतं, म्हणून पळीभर गरम रस बारीक धारेने अंड्यात, फेटत फेटत. आणखी एक पळी. नंतरच ते पातेल्यात. चमचा घालायचा नाही, पातेलं फडक्याने धरून गोल फिरवायचं. अगदी मंद आचेवर दोन-तीन मिनिटांत रस चमच्याच्या पाठीला धरतो, तिथेच उतरवा. कडेला बुडबुडा दिसला म्हणजे उशीर झाला. फाटलाच तर मासे बाहेर काढून रस मिक्सरमधून फिरवा आणि गाळा. दिसायला निभावतं, मऊपणा परत येत नाही.

आमच्या जाऊबाईंचं दहा वर्षं चाललंय, तुकडे आधी तळा म्हणजे मोडत नाहीत, आणि हळदीशिवाय मासा म्हणजे आजाऱ्याचं जेवण. तळलेलं कवच रसात भिजून सुटतं, वर तेल तरंगतं. मोडू नये यासाठी मीठ लावून टिपणं पुरे. हळद, लाल तिखट घातलंत की झालं आपलं नेहमीचं कालवण. मग पारशांचं नाव कशाला घेता? साखरही घाबरत घालू नका, तिच्याशिवाय नुसता आंबट ठसका उरतो.

हो, पातेलं स्टीलचं किंवा कल्हईचं. अ‍ॅल्युमिनियममध्ये व्हिनेगरने रस करडा पडतो. नवसारीच्या कोलाह कंपनीचं उसाचं व्हिनेगर मिळालं तर तेच घ्या, रंग जरा मळतो, चव मात्र तीच हवी. आणि पारशी लग्नाच्या पानावरचा मूळ मासा पापलेट, फिलेट ही आपली सोय. अंड्याशिवायची सास मला विचारू नका.

उरलं तर गॅसवर उकळू नका, पातेलं कढत पाण्याच्या परातीत ठेवा. सोबत खिचडी ताजी आणि पिवळी. जाऊबाईंची हळद तिथे घाला.