स्नो ब्लोअरच्या (बर्फ उडवून वाट साफ करणाऱ्या मशीनच्या) शूटचं, म्हणजे बर्फ बाहेर फेकणाऱ्या फिरत्या नळकांड्याचं, हाताने फिरवायचं क्रँक काढून वायपर मोटर आणि बटण लावलं तर चालेल का? हेडलाइटच्या वायरीवर चालेल का?

चालेल, पण वायपर मोटर नको. का नको ते सांगायला जरा वेळ लागेल, कारण या एका वाक्यावरून आमच्या घरात दोन हिवाळे गेलेत.

तुम्ही लिहिलंय की दर चार पावलांवर वाकून क्रँक फिरवावं लागतं आणि हात भरून येतो. मला विचारा! माझा उजवा खांदा तेव्हा आखडलेला होता, डॉक्टर त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, आणि आमच्या मशीनचं क्रँक नेमकं उजवीकडे खाली. ऑगरचा, म्हणजे बर्फ आत ओढणाऱ्या पात्याचा, लिव्हर सोडला की ऑगर बंद, चाकांचा सोडला की मशीन उभं, मग तिसरा हात आणायचा कुठून. वारा फिरला की सगळा बर्फाचा भुगा आत्ताच साफ केलेल्या वाटेवर. शेवटी मी शूट एकाच बाजूला ठेवून रिकामे फेरे मारायला लागले, काम दुप्पट.

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, हौशी मेकॅनिक आहेत. हौशीवर जोर. ते म्हणाले, "वहिनी, एका दुपारचं काम आहे, माझ्याकडे जुन्या गाडीची वायपर मोटर पडलीये." मी म्हटलं पॉवर विंडोची मोटर घ्या ना, ती मुळातच दोन्हीकडे फिरायला बनवलेली असते. तर म्हणे "तिच्यात काय दम असतो? मोटर मोठी लावायची, मग काहीही फिरतं." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बसवली. डावीकडे बटण दाबलं, शूट झोकात फिरलं. उजवीकडे दाबलं, फट्. फ्यूज बदलला, डावीकडे मस्त, उजवीकडे परत फट्. तिसऱ्यांदा उडाल्यावर भाऊजी म्हणाले फ्यूज हलका पडतोय, आणि मी आतून चहा घेऊन येईपर्यंत त्यांनी फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा अडकवला होता. मग काय, फ्यूज वाचला आणि वायर जळाली. हँडलपासून खालपर्यंत इन्सुलेशन वितळून चिकटलं, गॅरेजमध्ये आठवडाभर वास. फ्यूज उडतो म्हणजे काहीतरी सांगत असतो, त्याचं तोंड दाबणाऱ्या माणसाच्या हातात मी तरी वायरिंग देणार नाही, मग तो घरचा असो की दारचा.

आता कारण, कारण तुमच्याही बाबतीत हेच होणार आहे. बऱ्याच वायपर मोटरींमध्ये एक ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा) आतून बॉडीलाच अर्थ केलेला असतो. मोटर लोखंडी ब्रॅकेटवर, ब्रॅकेट मशीनच्या फ्रेमवर आणि बॅटरीचं मायनसही फ्रेमलाच. सुलट फिरते तोवर कुणाला पत्ता लागत नाही. उलट फिरवायला स्विच पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, बदलतो, म्हणजे प्लस आला बॉडीवर, बॉडी टेकलीये मायनसला, सरळ शॉर्ट. उपाय म्हणजे मोटर फ्रेमपासून पूर्ण वेगळी करायची, बोल्टसकट. तो भाऊजींनी केला, पण माझा स्वयंपाकघरातला जाड पांढरा चॉपिंग बोर्ड कापून. न विचारता. बोर्डाचा उरलेला अर्धा भाग त्यांनी धुऊन परत जागेवर ठेवला होता, चारही बाजूंनी करवतीचे दात उठलेले.

एवढं करून मोटर दोन्हीकडे फिरली हे कबूल करते. आठ दिवस. मग एकदा काम झाल्यावर मशीन ओलंच आत ढकललं गेलं (माझ्याकडून, हो) आणि रात्रीत शूटच्या तळाच्या रिंगमध्ये पाणी गोठलं. सकाळी बटण दाबलं, शूट हलेना, मोटर मात्र थांबेना. मोठी मोटर ना! कडकड आवाज झाला आणि रिंगचे प्लॅस्टिकचे चार दात गेले. हाताने क्रँक फिरवत असते तर अडकलंय हे मनगटालाच कळलं असतं आणि मी थांबले असते. दात गेल्यावर शूटला धरायला कुणीच नाही, ते थरथरत थरथरत हळूहळू मागे वळलं आणि दोन मिनिटांनी सगळा बर्फ माझ्या तोंडावर. भाऊजी खिडकीत उभे होते.

म्हणून माझं स्पष्ट मत, मोटरच्या आधी शूट बघा. क्रँकचा रॉड सोडवा आणि शूट एका हाताने, जोर न लावता, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतंय का बघा. नसेल फिरत तर रिंग काढा, जुनं घट्ट झालेलं ग्रीस खरवडा, थंडीत पातळ राहणारं ग्रीस लावा. माझं निम्मं दुखणं इथेच गेलं. दर वर्षी हे केलं असतं तर कदाचित मोटरच लागली नसती, पण हे भाऊजींना सांगू नका, ते पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होते.

मग मी स्वतः बसवली. पॉवर विंडोची मोटर, दोन वायरी, दोन्ही बॉडीपासून वेगळ्या, आणि अडकली की बहुतेक मोटरींत आतलाच थर्मल कटआउट तिला बंद करतो, गार झाली की परत चालू. मोटर थेट शूटला नाही लावली, क्रँकच्याच रॉडला जोडली, म्हणजे शूटजवळचं मूळचं वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचं गिअर) तसंच राहिलं. त्याचा फायदा असा की मोटर वर्मला फिरवते पण शूट उलट वर्मला फिरवू शकत नाही, त्यामुळे कितीही थरथरलं तरी नळकांडं जागेवर. जोडाला मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमची पिन, ऑगरला शिअर पिन असते तीच अक्कल, काही तुटायचंच तर ती तुटू दे. पिन काढली की हाताने फिरवायचं क्रँक परत जोडता येतं. यावर भाऊजी, "मग इलेक्ट्रिकचा उपयोग काय?" क्रँकचा उपयोग पुढच्याच महिन्यात कळला, बॅटरी उतरली होती आणि अंगणात गुडघाभर बर्फ.

स्विच सहा टोकांचा, डीपीडीटी (मोटरच्या दोन्ही वायरींची अदलाबदल करणारा), मध्ये ऑफ आणि सोडला की आपोआप मध्ये येणारा. दाबून सोडल्यावर चालूच राहणारा अजिबात घेऊ नका. मोठा घ्या, जाड हातमोज्यातून दाबता आला पाहिजे. तो हँडलच्या आडव्या दांड्यावर अंगठ्याखाली बसवायची कल्पना भाऊजींची, आणि ती चांगली होती.

लिमिट स्विचवरूनही, म्हणजे शूट टोकाला पोचलं की मोटर बंद करणाऱ्या स्विचवरून, भांडण झालं. ते म्हणत होते पाहिजेतच, मी म्हणत होते डोळे आहेत ना, शूट समोरच दिसतं. तुमचं शूट टोकाला धातूवर आदळत असेल तर लावा, फक्त प्रत्येक लिमिट स्विचला समांतर एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) जोडा, नाहीतर टोकाला गेलेली मोटर परत यायची नाही. वरचं डिफ्लेक्टरचं, म्हणजे बर्फ किती उंच-लांब जाईल ते ठरवणारं, झाकणही इलेक्ट्रिक करायचं असेल तर बारा व्होल्टचा लिनियर ॲक्च्युएटर (दांडा सरळ पुढे-मागे सरकवणारी मोटर) घ्या, त्यात बहुधा टोकाचे स्विच आतच असतात.

तुमचा खरा प्रश्न हेडलाइटच्या वायरीचा होता, राहूनच गेला. थेट नाही चालणार. बऱ्याच छोट्या इंजिनांवरून दिव्याला एसी येतो, त्यावर डीसी मोटर नुसती गुणगुणते. शिवाय इंजिनावरची वीज बनवणारी कॉइल १८ वॉटची असेल तर हातात येतो जेमतेम दीड ॲम्पिअर, मोटर मागते पाच किंवा जास्त. म्हणून मध्ये बारा व्होल्ट ७ ॲम्पिअर-अवरची सीलबंद बॅटरी ठेवा आणि कॉइलवरून रेक्टिफायर-रेग्युलेटर (एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा) लावून ती चार्ज करा. हिशोब करा, पाच ॲम्पिअर, एका वेळी तीन सेकंद, शंभर वेळा फिरवलं तरी अर्धा ॲम्पिअर-अवरसुद्धा जात नाही. कडाक्याच्या थंडीत बॅटरी निम्मी झाली तरी पुरते. माझी उतरली कारण मी महिनाभर चार्जच केली नव्हती. लिथियमची नको, शून्याच्या खाली चार्ज केली की खराब होते. फ्यूज बॅटरीच्या प्लसला अगदी चिकटून लावा, १५ ॲम्पिअरचा.

आणि हो, आधी लिहायला हवं होतं, हे सगळं इंजिन बंद करून, स्पार्क प्लगची टोपी काढून करा. नळकांडं तुंबलं तर काठीनेच मोकळं करा, हात नको, बंद मशीनमध्येही आतल्या पात्याला ताण राहिलेला असतो आणि बर्फ सुटला की ते झटक्याने फिरतं.

मशीन वॉरंटीत असेल तर यातलं काहीच करू नका.

भाऊजी, तुम्ही हे वाचणार मला माहितीये. तो तारेचा तुकडा मी फ्यूजच्या डबीतच ठेवलाय. चॉपिंग बोर्ड अजून आलेला नाही.