नोकरी पुण्यात, जुन्नरकडे गावी दीड एकर आणि विहीर आहे, बजेट ३० हजार. घरच्या दुधासाठी आणि थोड्या विक्रीसाठी दोन-तीन शेळ्या घ्यायच्या आहेत. कोणती जात घ्यावी आणि कुठून? गावी आई बघेल.

तुमच्या प्रश्नात जात आहे, बजेट आहे, जुन्नरकडची दीड एकर आणि विहीर आहे, पुण्यातली नोकरी आहे. अगदी शेवटी एका ओळीत आहे, "गावी आई बघेल." म्हणजे धार आई काढणार. मग आधी मीच विचारते, आईला विचारलंत का? सांभाळशील का, असं नव्हे. कोणती घेऊ, असं.

आमच्याकडे विचारत नाहीत. शेळी घ्यायला बाप्ये जातात आणि धार बायका काढतात. म्हणून हे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

जातीचं उरकून टाकते, त्यात फार काही नाही. जुन्नर म्हणजे संगमनेरी, किंवा तिच्यासारखी दिसणारी गावरान. मी संगमनेरच्या पठार भागातली, त्यामुळे पक्षपात धरून चाला. मराठवाड्यात असता तर काळी उस्मानाबादी म्हटलं असतं (जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं लोकांच्या तोंडी अजून तेच आहे). सिंधुदुर्गात असता तर कोकण कन्याळ, तिकडच्या पावसाला ती टिकते. जमनापारीच्या नादी लागू नका. ती यमुना-चंबळच्या खोऱ्यातली, इटाव्याकडची. आपल्याकडे लांब कान दिसले की जमनापारी म्हणून गळ्यात मारतात. सानेन तर स्वित्झर्लंडची, तिला आपला एप्रिल कुठून सोसायचा? बीटल दुधाला चांगली, पण तुमच्या पैशांत खरी बीटल जेमतेम एक येईल, आणि एकटी शेळी ठेवू नये. दिवसभर ओरडते, चाऱ्याला तोंड लावत नाही.

आमच्याकडची संगमनेरी दिवसाला अर्धा ते एक लिटर देते, चांगली निघाली तर त्याच्या थोडं वर. कुणी "दोन लिटरची आहे" म्हणालं की तिथून उठा. आम्ही उठलो नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या दोन्ही गाई विकाव्या लागल्या. धाकटी तेव्हा दीड वर्षाची होती. पुढचं वर्षभर पिशवीच्या दुधावर काढलं. २०१४ च्या जानेवारीत सासरे म्हणाले, दुधाची एखादी शेळी आणू. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. मी हट्टानं बाजाराला बरोबर गेले. त्यावरून घरात एक दिवस अबोला झाला, तो विषय वेगळा. बाजाराचं नाव लिहीत नाही, माणसं ओळखीची निघतात.

अण्णांनी शेळी लांबूनच हेरली. पांढरीशुभ्र, उंच, शिंगं मागे वळलेली, चालताना कास मांड्यांना घासत होती. मागे दोन करडं. अण्णांनी पाठीवर हात फिरवला, वय कळावं म्हणून ओठ उचलून दात बघितले, "चार दाती आहे, एक नंबर" म्हणाले. कासेला हात लावला नाही. बाप्ये लावतच नाहीत. लांबून बघतात, मोठी आहे म्हणतात, झालं.

मी म्हटलं, धार काढून बघते. व्यापारी म्हणाला, "ताई, करडं आत्ताच पिलीत, आता काय निघणार?" करडं आत्ताच पिलीत तर कास फुटायला आल्यासारखी ताठ कशी? हे मला तिथेच सुचलं होतं. आजही शपथेवर सांगते, तिथेच सुचलं होतं. मी अण्णांना हळूच म्हटलंही, पण तोवर भाव ठरवायला टॉवेलाखाली हात गेले होते. बोटं धरली, सोडली, पुन्हा धरली आणि साडेसात हजारांना सौदा पटला. "जनावर बघायला नजर लागते सूनबाई," अण्णा म्हणाले.

घरी आणून संध्याकाळी धार काढली तर सव्वा लिटर निघालं. अण्णांनी शेजाऱ्यांना बोलावून तांब्या दाखवला. मी गप्प होते. उजव्या सडातून पहिल्या चार धारांना नासलेल्या दुधासारख्या कण्या पडल्या होत्या, आणि सगळं दूध काढूनही ती बाजू खाली बसली नव्हती. रिकामी कास फडक्यासारखी मऊ लागायला हवी. हिच्यात आत लिंबाएवढी गाठ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव लिटर. आदल्या संध्याकाळचं सव्वा लिटर म्हणजे दीड-दोन दिवस तुंबवून ठेवलेलं दूध होतं.

करडांची तर वेगळीच तऱ्हा. एकाला ती चाटायची, दुसरं जवळ आलं की हुंगायची आणि ढुशी मारायची. शेळी आपलं करडू वासावरून ओळखते. दुसरं तिचं नव्हतंच. जुळी दिसली की भाव वाढतो, म्हणून कुणाचं तरी मागे सोडून दिलं होतं. त्याला आम्ही बाटलीनं पाजलं. हिचं दूध पुरेना म्हणून वरची पिशवी आणली. घरात दूध हवं म्हणून शेळी घेतली आणि एका पिशवीच्या दोन पिशव्या झाल्या. ते करडू जगलं मात्र, चांगला बोकड झाला.

डॉक्टरांनी सडात ट्यूब सोडल्या, इंजेक्शनं दिली, पण दगडी (कास सुजून दूध नासण्याचा आजार) जुनी होती. उजवा सड कायमचा गेला.

आणि घरात काय ठरलं? सूनबाईच्या हाताला शेळी पान्हवली नाही. आजही पाहुणे आले की अण्णा सांगतात, "बाजारात दोन लिटरची होती, आमच्या घरी येऊन आटली." मी आत भाकरी थापत ऐकते. दहा-अकरा वर्षं झाली.

म्हणून दुधाची शेळी बाजारातून घेऊ नका, गोठ्यातून घ्या. चाकण, येवला, लोणंद, घोडेगाव, बाजार मोठे आहेत, बोकड घ्यायला-विकायला खुशाल जा. पण शेवटची धार कधी काढली हे तिथे विकणाराच सांगणार, आणि दुधाच्या शेळीत तेवढंच तर महत्त्वाचं असतं. आसपासच्या वाड्यांवर चार-पाच शेळ्या पाळणारी म्हातारी माणसं शोधा. संध्याकाळी जा, कास तुमच्यासमोर पूर्ण रिकामी करायला सांगा, रात्री करडं वेगळी कोंडायला सांगा. सकाळी पुन्हा जा आणि करडं सोडायच्या आत धार काढा. हेलपाटे दोन पडतात, पडू द्या. पहिल्या धारा काळ्या कापडावर घ्या, कण्या असतील तर तिथेच दिसतात. दूध मोजताना फेस बसू द्या, फेसाचं माप घेऊन लोक खूश होतात. मग रिकामी कास दोन्ही हातांनी चाचपा.

आणि हे तुम्ही करू नका, आईला करू द्या. सड किती लांब आहेत, धार किती जड येते, शेळी लाथ मारते का, हे तिच्या बोटांना कळेल. बोटं दुखत असतील तर बारीक सडांची शेळी कितीही दुधाळ असो, घेऊ नका. ती महिन्याभरात नीट पिळली जाणार नाही, कासेत दूध राहील, दगडी होईल, आणि मग कुणाच्या हाताला दोष लागेल ते मी वर लिहिलंच आहे.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर वाडीवरच्या एका आजींकडून मी दुसरी शेळी घेतली, माझ्या शिलाईच्या पैशांतून. साडेपाच हजार, तिसरं वेत (म्हणजे तिसऱ्यांदा व्यालेली), बरोबर तिची एक पाठ, म्हणजे मादी करडू. तांबडी-काळी, एक शिंग मोडलेलं, कान फाटका. अण्णा म्हणाले, "ही काय खाटकाच्या दारातून सोडवून आणली?" सकाळी ७०० मिली, संध्याकाळी ४००. आमच्याकडे तिची आणखी चार वेतं झाली. आज गोठ्यात आठ आहेत, त्यातल्या पाच तिच्याच. हिची गोष्ट पाहुण्यांना कुणी सांगत नाही.

तुमच्या ३० हजारांचं म्हणाल तर आमच्या भागात दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, नुकती व्यालेली शेळी करडासकट १० ते १४ हजारांच्या आसपास मिळते. म्हणजे दोनच घ्या. उरलेल्यात पत्रा, जाळी आणि औषधपाणी. दोघी एकदम व्यालेल्या नकोत, नाहीतर दोघी एकदम आटतील. एक दुभती, दुसरी दोन-तीन महिन्यांची गाभण असं जमवा, पाच महिन्यांचं गणित आहे. गाभण कधीची ते बोकड दाखवल्याची तारीख विचारून घ्या. नुसत्या पोटावर विश्वास नको, शेळीचं पोट पाला खाऊनही तेवढंच दिसतं. स्वतःचा बोकड पाळू नका. दोन शेळ्यांना तो परवडत नाही आणि जवळ बांधला तर दुधाला वास लागतो.

दुधाच्या विक्रीचं मनातून काढा. आमच्या डेअरीवर शेळीचं दूध वेगळं घेत नाहीत. डेंग्यूची साथ आली की मात्र लोक रात्री अकराला दार वाजवतात, प्लेटलेट वाढतात म्हणून. तसा काही पुरावा नाही. मी दूध देते आणि दवाखान्यात जा असंही सांगते. पैसा करडांत आहे, बकरी ईदच्या आधी बोकडाला जो भाव येतो त्यात आहे. म्हणून दूध बघा, पण जुळी देणाऱ्या आईची पाठ मिळाली तर तीही सोडू नका.

काही गोष्टी मागे राहिल्या. गोठ्यातली शेळीसुद्धा नव्या घरी आली की आठ-दहा दिवस दूध कमी देते, माझ्या त्या तांबडीनंही दिलं होतं. तेवढ्यावरून फसलो म्हणू नका, आईला तर मुळीच काही म्हणू नका. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची) लस झाली आहे का विचारा, नसेल तर टोचून घ्या, आणि आणल्या आणल्या गावातल्या कळपात सोडू नका, तीन आठवडे वेगळी ठेवा. पावसाळ्याच्या आधी आंत्रविषाराची (आतड्यात विष होण्याच्या रोगाची) लस. बाजारातले सगळे व्यापारी तसे असतात असंही नाही, माझ्या चुलत जावेनं त्याच बाजारातून घेतलेली शेळी सोन्यासारखी निघाली.

दात मात्र मला अजून धड कळत नाहीत. दोन दाती, चार दाती ओळखते. पण शेळी जुळली, म्हणजे तिचे सगळे पक्के दात आले, की ती पाच वर्षांची आहे का आठ, तिथे मी चुकते. अण्णा झीज बघून सांगतात आणि बरोबर सांगतात. त्यामुळे अजूनही शेळी बघायला जाताना मी त्यांना बरोबर घेते. दात ते बघतात, धार मी काढते. पैसे माझ्या पिशवीत असतात.