तिघी बहिणींच्या चाचणीसाठी ठेव मोडावी का?

किनवटजवळच्या गावातून एका भगिनीने विचारले आहे की, आईला दोन वर्षांपूर्वी अंडाशयाचा कर्करोग झाला आणि उपचारांनंतर ती आता बरी आहे. आम्हा तिघी बहिणींची जनुकीय चाचणी एक प्रयोगशाळा 66 हजार रुपयांत करून देते आहे, तर त्यासाठी 1 लाख 80 हजारांची मुदत ठेव मोडावी का?

माझ्या मते मोडू नये. चाचणी निरुपयोगी आहे असे मुळीच नाही, पण ती आधी आईची व्हायला हवी. आईच्या बीआरसीए1 किंवा बीआरसीए2 या, स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या जनुकांपैकी एकात दोष आढळला, तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता 50 टक्के असते, आणि मग आपल्याला फक्त तेवढा एक दोष तपासून घ्यावा लागतो, ज्याचा खर्च संपूर्ण चाचणीपेक्षा बराच कमी असतो. आईत काही आढळले नाही, तर तिघींचा खर्च बहुधा टळेलच. उलट आईला वगळून आपली चाचणी केली आणि त्यात काही निघाले नाही, तर दोष घराण्यात नाहीच की केवळ आपल्यात उतरला नाही, हे कळत नाही. पैसे जातात आणि धास्ती तशीच राहते.

मला खरी काळजी अंतराची वाटते. रक्ताचा नमुना गावातूनही पाठवता येतो, पण अहवालाचा अर्थ सांगणारा जनुकीय समुपदेशक बहुतेक मोठ्या शहरांतच भेटतो. पनवेलच्या स्त्रीला टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील कर्करोग जनुकीय क्लिनिकला जायला अर्धा दिवस पुरतो. आपल्याला रात्रभराचा रेल्वेप्रवास, मुक्काम आणि बुडालेली कमाई सोसावी लागते. हा अन्याय आहे, आणि तो आपल्या हिशेबात रुपयांच्या रूपाने मांडावाच लागेल. आईला तपासणीसाठी नेताना कर्करुग्णांची रेल्वे सवलत अवश्य घ्यावी. सोबतच्या एका व्यक्तीलाही ती मिळते.

दोष आढळल्यास खर्च एकदाचा राहत नाही. बीआरसीए1मध्ये दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या 80 वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे 72 टक्के आणि अंडाशयाचा होण्याची सुमारे 44 टक्के असते, म्हणून दरवर्षी स्तनांचा एमआरआय करावा लागतो आणि मुले झाल्यावर 35 ते 40 या वयात अंडाशय काढण्याचा सल्ला दिला जातो. एमआरआयसाठी दरवर्षी शहर गाठावे लागेल. आपली ठेव त्यासाठी शाबूत हवी.

कुटुंबाचा आरोग्य विमा नसल्याचे आपण लिहिले आहे; तो चाचणीआधी घ्यावा. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जनुकीय आजार सरसकट वगळणे अवैध ठरवले, तरी विमा कंपनीने मूळ प्रस्तावच नाकारू नये असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. अर्जात कौटुंबिक आजार विचारला असेल, तर आईचा आजार खरा लिहावा. लपवलेली माहिती दाव्याच्या वेळी नडते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाल्याने हप्त्याचा भार थोडा हलका आहे. प्रतिबंधात्मक शस्त्रक्रियेचा खर्च मिळेल का, हे मात्र लेखी विचारून घ्यावे.

प्रयोगशाळेला होकार देण्यापूर्वी आईची उपचारांची फाईल एकदा उघडून पाहावी. अंडाशयाच्या कर्करोगात औषध ठरवण्यासाठी डॉक्टर अनेकदा ही चाचणी करून घेतात, त्यामुळे तिचा अहवाल कदाचित त्या कागदांमध्येच असेल.