शुगर मेपलच्या कोवळ्या झाडाची साल हिवाळ्यात नैऋत्येकडून उभी तडकली आहे. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात राहतो. काय करावं?

नोव्हेंबरमध्ये खोडाला पांढरा ट्री गार्ड (खोडाभोवतीचं संरक्षक वेष्टण) लावा आणि एप्रिलमध्ये आठवणीने काढा. ही चीर बहुतेक हिवाळी उन्हामुळेच पडली आहे. कोवळ्या शुगर मेपलची साल पातळ असते. दुपारचं तिरपं ऊन नेमकं नैऋत्येला लागतं, सालीखालच्या पेशी जाग्या होतात आणि सूर्य मावळून पारा घसरला की गोठून मरतात. पांढरा रंग ऊन परतवतो, गार्ड म्हणून गडद पाइप लावला तर तो मात्र खोड उलट तापवतो, तो नकोच. उन्हाळाभर गार्ड तसाच राहिला तर आत ओल आणि कीड साचते. आधीच्या चिरेवर रंग किंवा डांबर फासू नका; सुटलेली साल धारदार चाकूने साफ करा, झाड कडेने जखम स्वतःच भरत आणतं.

सशांची आणि बर्फाखालून येणाऱ्या व्होल उंदरांची भीती मला उन्हापेक्षा जास्त वाटते, कारण साल गोल कुरतडली गेली की झाड गेलंच. त्यासाठी पाव इंच छिद्रांची तारेची जाळी खोडाभोवती दोन-तीन इंच मातीत गाडा आणि नेहमीच्या बर्फाच्या थराच्या फूट-दीड फूट वर येऊ द्या. पालापाचोळ्याचं आच्छादन खोडाला टेकवू नका, त्यात व्होल घर करतात.

एक मात्र आहे: हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकतात अशा रस्त्याच्या कडेला झाड असेल, तर एवढं करूनही ते खुरटेल. शुगर मेपलला मीठ सोसत नाही. लहान आहे तोवर, पानं फुटायच्या आधी, मातीच्या गोळ्यासकट रस्त्यापासून लांब हलवा.