व्हेंडर तपासणीची शीट भरण्याआधी चार प्रश्न विचारा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं पुन्हा वर आलं. नोकरी सांभाळून, निर्बंध याद्यांशी (ज्यांच्याशी व्यवहाराला सरकारांनी बंदी घातली आहे अशा व्यक्ती-कंपन्यांच्या याद्या) ग्राहकांची नावं ताडून पाहणारं सॉफ्टवेअर तुम्ही उभं केलंत. एका पेमेंट संस्थेच्या कम्प्लायन्स (नियमपालन) अधिकाऱ्याला ते आवडलं. मग त्यांच्या व्हेंडर (पुरवठादार) तपासणी विभागाकडून शेकडो प्रश्नांची एक्सेल शीट आली, आणि आता तुम्ही विचारताय की आधी सॉक २, म्हणजे माहिती सुरक्षेची बाहेरच्यांकडून तपासणी, करून घ्यावं का. माझं मत, आत्ता करू नका. नोकरीच्या करारातलं बौद्धिक संपदेचं कलम, कंपनीची नोंदणी, होस्टिंग हे सगळं तुम्ही पाहिलंच असेल असं धरून पुढचं लिहितो. मी वकील नाही, ऑडिटरही नाही. कराराच्या बाबतीत तुमच्या देशातल्या वकिलाचं म्हणणं अंतिम समजा.

माझं सगळ्यात जास्त नुकसान अशा एका व्हेंडर तपासणी विभागापायी झालं (संस्थेचं नाव घेत नाही), ज्याने पात्रतेची अट शेवटी सांगितली. प्रश्नावलीची उत्तरं दिली की नवी आवृत्ती यायची. माणूस बदलला की सगळं पहिल्यापासून. 'लागू नाही' हे उत्तर चालत नसे, कारण शीटमध्ये तो पर्यायच नव्हता. डेटा सेंटरच्या दारावर पहारा आहे का, हा प्रश्न क्लाउडवर चालणाऱ्या एका माणसाच्या कंपनीलाही भरावाच लागे. सगळं झाल्यावर कळलं की ठराविक संख्येपेक्षा कमी कर्मचारी असलेला पुरवठादार त्यांच्या धोरणात बसतच नाही. ते धोरण पहिल्या दिवसापासून लेखी होतं, पण कोणी उघडून दाखवलं नाही. कम्प्लायन्स अधिकाऱ्याला उत्पादन हवं असतं, खरेदी विभागाला टिकणारा पुरवठादार आणि माहिती सुरक्षा विभागाला कमीत कमी जोखीम. या तिघांपैकी 'हो' म्हणायचा अधिकार कोणाला आहे, हे बाहेरच्याला कोणी आपणहून सांगत नाही.

म्हणून शीटला हात लावण्याआधी लेखी विचारा. पुरवठादारासाठी किमान अट काय आहे, म्हणजे कंपनीचं वय, कर्मचारी, विमा? अंतिम सही कोणाची? हे सॉफ्टवेअर 'महत्त्वाची सेवा' या वर्गात मोडणार की साध्या? आणि ते त्यांच्याच सर्व्हरवर बसवलं, ग्राहकांचा डेटा बाहेर गेलाच नाही, तर किती प्रश्न गळतात? एकट्या माणसासाठी या चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. कंटेनर इमेज (सॉफ्टवेअरचं बसवायला तयार पॅकेज) द्यायची, रोजच्या याद्या डिजिटल सही केलेल्या फाइलने पोहोचवायच्या, आणि डेटा त्यांच्याच भिंतीच्या आत ठेवायचा. यात अडचणीही आहेत. बग आला की तुम्हाला लॉग दिसत नाहीत आणि दोन ग्राहक दोन आवृत्त्यांवर अडकतात. पण नोकरी करणाऱ्या माणसाला परक्यांचा डेटा रात्रंदिवस राखत बसण्यापेक्षा हे परवडतं.

सॉक २ बद्दल एक गैरसमज दूर करतो. ते प्रमाणपत्र नसून स्वतंत्र लेखापालांच्या फर्मने दिलेला अहवाल असतो. टाइप १ म्हणजे एका तारखेला नियंत्रणं कशी रचली आहेत ते. टाइप २ म्हणजे काही महिन्यांच्या काळात ती प्रत्यक्ष चालली का ते. प्रश्नावली पाठवणाऱ्यांना बहुधा टाइप २ हवा असतो, म्हणजे आज सुरुवात केली तरी हा ग्राहक तेवढा थांबणार नाही. माहिती सुरक्षेचंच आयएसओ २७००१ हे मात्र प्रमाणपत्र, तीन वर्षांचं, मध्ये दरवर्षी तपासणी. दोन्हींचा खर्च पहिला ग्राहक पैसे देऊ लागल्यावरच करावा असं मला वाटतं. ज्यांच्याकडे ओळीने दोन-तीन मोठे ग्राहक उभे आहेत त्यांचं गणित वेगळं असू शकेल.

शीट भरताना जे आज नाही ते 'हो' लिहू नका. 'करणार आहोत' असेल तर तसंच लिहा, तारखेसह. अनेक संस्था भरलेली प्रश्नावली कराराला जोडतात, आणि मग तुमचं प्रत्येक 'हो' हे दिलेलं वचन ठरतं. युरोपातले ग्राहक असतील तर डोरा हा वित्तसंस्थांच्या डिजिटल सुरक्षिततेबद्दलचा युरोपीय संघाचा नियम १७ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. त्यामुळे वित्तसंस्थांना महत्त्वाच्या सेवांच्या करारात तपासणीचा हक्क, घटना कळवण्याची जबाबदारी आणि बाहेर पडण्याची तजवीज अशी कलमं घालावीच लागतात. त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका, तिथला माणूस ती बदलू शकत नाही. 'तुम्ही एकटेच आहात, उद्या काही झालं तर?' या प्रश्नाला सोर्स कोड एस्क्रो (कोडची प्रत तिसऱ्या संस्थेकडे ठेवणं) आणि लेखी हस्तांतर योजना हे उत्तर बऱ्यापैकी चालतं. नुकसानभरपाईची कमाल मर्यादा मात्र करारात हवीच, आणि व्यावसायिक दायित्व विमाही.

आता ज्यावर तुमचा वेळ खरंच जायला हवा ते. तुमच्या पोस्टमध्ये जुळणीच्या अचूकतेबद्दल बरंच आहे, पुराव्याबद्दल एकही ओळ नाही. ऑडिटर येऊन विचारतो: अमुक तारखेला या ग्राहकाचं नाव तपासलं तेव्हा यादीत काय होतं, नावांच्या साम्याचे गुण किती आले, थ्रेशोल्ड (ज्या गुणांपासून अलर्ट येतो ती मर्यादा) किती होता, अलर्ट कोणी बंद केला आणि का? याद्या जुन्यावर नव्या लिहून ठेवल्या असतील तर या प्रश्नाला उत्तर नाही. ओफॅक या अमेरिकी अर्थखात्याच्या निर्बंध कार्यालयाच्या नियमांखालचे दस्तऐवज ठेवण्याची मुदत १२ मार्च २०२५ पासून ५ वर्षांवरून १० वर्षं झाली आहे. एफएटीएफ या मनी लाँडरिंगविरोधी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीत किमान ५ वर्षं आहेत. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा निर्णय पुन्हा उभा करता आला पाहिजे.

त्यासाठी उतरवलेली प्रत्येक मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, तिचा शा-२५६ हॅश (फाइल बदलली तर बदलणारा डिजिटल ठसा) आणि उतरवल्याची यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ नोंदवा. नोंदी खोडायच्या नाहीत, फक्त वाढवायच्या. प्रत्येक निकालासोबत यादीची आवृत्ती, नाव सारखं करून घेणाऱ्या कोडची आवृत्ती, थ्रेशोल्ड आणि वेगवेगळ्या लिप्यांची अक्षरं हाताळणाऱ्या युनिकोड लायब्ररीची आवृत्ती लिहा. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण गाळतात. आयसीयू ही अशीच एक लायब्ररी अपग्रेड झाली की लिप्यंतराचे नियम बदलू शकतात, गुण थोडे सरकतात, आणि थ्रेशोल्डच्या काठावरचे अलर्ट कोणाला न कळता गायब होतात. म्हणून आवृत्ती बांधून ठेवा, आणि प्रत्येक रिलीझआधी जुन्या निर्णयांचा संच पुन्हा चालवून फरकांचा अहवाल काढा. तोच अहवाल ऑडिटरला द्या.

यादी उतरवताना 'सर्व्हरने २०० (सगळं ठीक, असा कोड) दिलं' यावर विश्वास ठेवू नका. अर्धवट फाइलही २०० घेऊन येते. यादीची एक्सएमएल फाइल पूर्ण वाचली गेली का, नोंदींची संख्या कालच्यापेक्षा अचानक घटली का, हे पाहा. घटली असेल तर नवी यादी चढवू नका, जुनीच चालू ठेवून स्वतःला फोन येईल अशी व्यवस्था करा. ओफॅक ठरलेल्या वाराला याद्या बदलत नाही आणि बदल लगेच लागू होतो. तुम्ही दिवसभर नोकरीत अडकलेले असाल तेव्हाही हे काम आपोआप व्हायला हवं. यादी ठरवलेल्या तासांपेक्षा शिळी झाली, तर स्क्रीनवर ग्राहकाला ते ठळक दिसू द्या. 'सगळं स्वच्छ' असा हिरवा शेरा तेव्हा दाखवणं धोक्याचं आहे.

जुळणीबद्दल थोडक्यात. जारो-विंकलर ही नावांतलं साम्य मोजणारी पद्धत अक्षरांच्या जागा पाहते आणि सुरुवातीच्या चार अक्षरांपर्यंतच्या जुळणीला जादा वजन देते, त्यामुळे 'हसन अली' आणि 'अली हसन' यांत गुण घसरतात. आधी शब्द सुटे करून क्रमाने लावा. तुर्की भाषेतल्या बिनठिपक्याच्या 'आय'मुळे लहान अक्षरांत बदलणं लोकेलवर (संगणकाच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) अवलंबून राहतं, तेव्हा लोकेल कोडमध्ये ठरवून टाका. जन्मतारखा कित्येकदा फक्त वर्षाने किंवा 'सुमारे' अशा दिलेल्या असतात, म्हणून एका तारखेचा रकाना नको, 'पासून-पर्यंत' असा पल्ला हवा. चाचणीसाठी खऱ्या ग्राहकांची नावं मागू नका. यादीतलीच नावं घेऊन एक अक्षर गाळा, शब्द जोडा, क्रम उलटा करा, आणि कितीदा पकडलं जातं ते मोजा.

ओफॅकचा ५० टक्क्यांचा नियम मात्र नावं ताडून पकडता येत नाही. निर्बंधित व्यक्तींची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असलेली कंपनी यादीत नसली तरी निर्बंधित धरली जाते. मालकीचा डेटा तुमच्याकडे नसेल, तर 'मालकी आम्ही तपासत नाही' हे वाक्य करारात आणि स्क्रीनवर, दोन्हीकडे घाला.

भाषा मॉडेलने अलर्ट बंद करावेत का, हेही तुम्ही विचारलंय. माझा विरोध आहे. माहितीचा गोषवारा काढायला वापरा, पण बंद करण्याचा निर्णय माणसाच्या नावावर असू द्या.

व्हेंडर तपासणी विभागाला ते चार प्रश्न आजच ईमेलने पाठवा, कम्प्लायन्स अधिकाऱ्याला प्रत लावून. उत्तर येईपर्यंत शीट बाजूला ठेवा आणि मूळ फाइली साठवणं सुरू करा. निघून गेलेल्या दिवसाची यादी नंतर मिळवणं अवघड जातं. पायलट (मर्यादित चाचणी वापर) मागितला तर तो पैसे घेऊनच द्या, रक्कम लहान का असेना. पैसे मंजूर करायला त्यांना अधिकार असलेला माणूस पुढे आणावाच लागतो.